भाव वाढवला कोणी, कंपनीनं का दुकानदारानं? ग्रुप प्लॅनच्या सिमबद्दल एका ताईंना उत्तर

पत्र असं आलं आहे:

"भाऊ, आम्ही दारव्हा तालुक्यातले. २०२२ च्या दिवाळीत तालुक्याच्या मोबाईल दुकानातून घरच्या चौघांसाठी ग्रुप प्लॅनची सिम घेतली. दुकानदार आमच्याच गावचा, नात्यात पण लागते. तेव्हा म्हणे महिन्याचे २०० रुपये, सगळं अनलिमिटेड, आणि भाव लाइफटाइम वाढणार नाही. आधारची झेरॉक्स न फोटो घेतला. पहिल्याच तिमाहीले २४० च्या हिशोबानं पैसे घेतले, म्हणे टॅक्स आहे. २०२४ च्या जुलैनंतर ३०० केले. आता म्हणते पुढच्या महिन्यापासून ३५०, कंपनीनं वाढवले, माझ्या हातात काही नाही. कस्टमर केअरला फोन लावला तर ते म्हणतात नंबर तुमच्या नावावर नाही, माहिती देता येत नाही. माझा नंबर बँकेला, आधारला, गॅसला, सगळीकडं लागला आहे. भांडावं तर नातं तुटते, न भांडावं तर हा वाढवूनच राहिला. सासऱ्यांच्या साध्या फोनच्या रिचार्जवर पण १० रुपये वरून घेते. काय करावं?"

ताई, तुम्ही पत्र लिहिलं ५० रुपयांच्या वाढीसाठी, पण मला ते वाचताना धस्स झालं ते कस्टमर केअरच्या त्या एका वाक्यानं, नंबर तुमच्या नावावर नाही म्हणे. भावाचं सांगतोच, नीट हिशोब करून सांगतो, पण ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हे आधी लक्षात घ्या. नंबर दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणूनच भाव कोणी वाढवला हे तुम्हाला कोणी सांगून नाही राहिलं.

ग्रुप प्लॅन म्हणजे काय ते आधी पाहू. मोबाईल कंपनी एखाद्या संस्थेला, पतसंस्थेला, कारखान्याला, ऑफिसला एकगठ्ठा कनेक्शन देते, शंभर दोनशे सिम एका झटक्यात जातात म्हणून भाव कमी लावते, आणि बिल त्या संस्थेच्या नावानं निघते. ह्याला कोणी कॉर्पोरेट म्हणते, कोणी सीयूजी, म्हणजे क्लोज्ड युजर ग्रुप, बोलताना लोक दोन्ही एकाच अर्थानं वापरतात. ती सिम असतात त्या संस्थेच्या माणसांसाठी. पण मधे एखादा एजंट घुसला का तीच सिम संस्थेच्या माणसांच्या घरच्यांना, मंग गावातल्या कोणालाही विकली जातात, आणि घेणाऱ्याला वाटते आपण कंपनीचे ग्राहक झालो. कंपनीच्या कागदावर ग्राहक ती संस्था असते, जिचं नाव बहुतेक तुम्हाला माहीतही नसेल. तुमचा व्यवहार झाला तो फक्त दुकानदाराशी. कंपनी भाव वाढवते तेव्हा कळवते संस्थेला, संस्था सांगते एजंटला, एजंट सांगते तुम्हाला, आणि ह्या तीन टप्प्यांत आकडा तोच राहिला का मधे फुगला हे तुम्हाला दिसायची सोय नाही.

खेडा खरेदीवाला अंगणात काटा लावून म्हणते आज भाव पडला, तेव्हा आपण काय करतो? बाजार समितीत आज काय लागला ते कोणाला तरी फोन करून विचारतो. इथंही तेच करायचं आहे, फक्त फोन कोणाला करायचा ते माहीत पाहिजे.

तर आता हिशोब. २०० चे २४० झाले ते टॅक्समुळं, हे तुमचा दुकानदार बऱ्यापैकी खरं बोलला. मोबाईल सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. प्रीपेड रिचार्जच्या किमतीत तो आतच धरलेला असतो, २९९ चा पॅक म्हटला का २९९ च द्यायचे. पोस्टपेडला मात्र भाडं वेगळं सांगतात आणि टॅक्स बिलात वरून लागते. ग्रुप प्लॅन बहुतेक पोस्टपेडच असतो, म्हणून २०० वर १८ टक्के म्हणजे २३६. वरचे ४ रुपये त्यानं राऊंड केले. ही भाववाढ म्हणता येत नाही, पण विकताना २०० सांगायचं न घेताना २४० घ्यायचं हे बरोबर नाही, त्यानं पहिल्याच दिवशी २३६ सांगायला पाहिजे होतं.

दुसरी वाढ, २४० चे ३००. २०२४ च्या जुलैत खरंच सगळीकडं भाव वाढले होते, ३ आणि ४ जुलैला जिओ, एअरटेल आणि व्हीआय तिघांनीही वाढवले. जिओचा २३९ चा प्रीपेड पॅक २९९ झाला, एअरटेलचा १७९ चा १९९ झाला. पोस्टपेडमधे एअरटेलचा ३९९ चा ४४९ झाला, ५९९ चा ६९९. म्हणजे पोस्टपेडच्या ह्या दोन प्लॅनमधे वाढ साडेबारा ते सतरा टक्क्यांच्या आसपास होती. तुमच्या २४० ला तेवढीच वाढ लावली तर २७० ते २८० होतात. त्यानं ३०० केले, म्हणजे पूर्ण २५ टक्के. प्रीपेडमधे एवढी वाढ झाली आहे, वर २३९ चा २९९ सांगितला तो तसाच आहे, म्हणून तो खोटंच बोलला असं मी इथं बसून म्हणणार नाही, ग्रुपचा करार वेगळा असू शकते. पण बिल पाहिल्याशिवाय मानायचं पण नाही.

तिसरी वाढ, ३०० चे ३५०. इथं त्याला सरळ विचारायचं का कंपनीनं कोणत्या तारखेला, कोणत्या प्लॅनचा, किती वाढवला. कंपनीनं भाव वाढवला तर तो लपत नाही, पेपरात येते, कंपनीच्या ॲपवर येते, आणि ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, नवीन दर सात कामाच्या दिवसांत कळवावा लागते. ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर कंपनी न सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग, टाकून प्लॅनचे दर पाहता येतात. आपलं सर्कल महाराष्ट्र आणि गोवा, मुंबई वेगळं आहे, ते निवडू नका. संस्थेशी ठरलेला खास भाव तिथं सापडेलच असं नाही, पण नेहमीचे दर वाढले का नाही एवढं तर नक्की कळते. कॉलेजात जाणारं पोट्टं घरात असेल तर त्याला बसवा, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि ताई, हे ३५० महाग आहेत का स्वस्त ते पण पाहा न. ३५० गुणिले १२ म्हणजे एका सिमचे वर्षाला ४,२०० रुपये. २०२४ च्या वाढीनंतर जिओचा ८४ दिवसांचा, रोज दीड जीबीवाला प्रीपेड पॅक ७९९ ला होता, एअरटेलचा तसाच ८५९ ला. वर्षाच्या ३६५ दिवसांवर पसरवला तर जिओचा साधारण ३,४७० पडते, एअरटेलचा ३,७३० च्या आसपास. म्हणजे ज्या ग्रुप प्लॅनमधे तुम्ही स्वस्त म्हणून गेला तो ३५० झाल्यावर साध्या रिचार्जपेक्षा महाग पडून राहिला, चार सिमचा फरक दोन-तीन हजाराच्या घरात जाते. २०० सांगितले तेव्हा तो सौदा चांगला दिसला, ३०० ला बरोबरीत आला, ३५० ला त्यात राहायचं कारण उरत नाही. ह्या आठवड्यात तुमच्या गावात ज्या कंपनीची रेंज चांगली येते तिचा चालू ८४ दिवसांचा भाव काढा आणि हाच गुणाकार स्वतः करून पाहा. २८ दिवसांचे पॅक धरत असाल तर वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज लागतात हे विसरू नका, सगळ्यांची गफलत तिथंच होते.

आता ते लाइफटाइमवालं. भाव किती ठेवायचा हे आपल्याकडं कंपन्या स्वतः ठरवतात, ट्राय वरची मर्यादा घालत नाही. पण एक संरक्षण २००६ पासून आहे: प्लॅन घेतल्यावर सहा महिने तरी तो ग्राहकाच्या तोट्यात बदलता येत नाही, आणि कंपनीनं सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा किंवा लाइफटाइम म्हणून आधी पैसे घेऊन विकला असेल तर ती मुदत पाळावी लागते. हा नियम कंपनीनं दिलेल्या शब्दाला लागतो. तुम्हाला शब्द दिला दुकानदारानं, तोंडी, आणि कंपनीच्या कोणत्याच कागदावर तुमचं नाव नाही. म्हणून लाइफटाइमच्या मागं लागून कंपनीशी भांडण्यात काही हाती येणार नाही. दुकानदारानं मात्र सहा महिन्यांचे का वर्षाचे पैसे आगाऊ घेतले असतील आणि मुदत संपायच्या आधीच वरचे मागून राहिला असेल तर ते त्याचं चुकते, ती मुदत त्यानं त्याच भावात पूर्ण करायची.

दुकानातून घेतलेल्या प्लॅनचा हा घोळ आपल्याकडंच आहे असं नाही. ब्रिटनमधे लोक दोन-दोन वर्षांचं काँट्रॅक्ट सही करून घेतात, त्यातही मधेच महागाईच्या आकड्याला जोडून भाव वाढायचा आणि घेणाऱ्याला आधी कळायचंच नाही किती ते. तिथल्या नियामकानं, ऑफकॉमनं, १७ जानेवारी २०२५ पासून नवीन काँट्रॅक्टसाठी नियम केला का मधे वाढ करायची असेल तर ती कधी आणि किती पौंड-पेन्स होणार हे विकतानाच सांगायचं. तुम्ही पण पुढं कोणाकडूनही काही घेतलं तर हेच विचारा, भाव कधी वाढेल न किती रुपयांनी, आणि ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आता मला जी खरी काळजी वाटते ती. तुमच्या चारही नंबरचा मालक कागदावर ती संस्था आहे. उद्या एजंटनं पैसे भरले नाही, संस्थेनं करार मोडला, का दुकानच बंद झालं, तर नंबर जाते आणि तुम्ही स्टोअरमधे जाऊन रडल्या तरी ते परत देऊ शकत नाहीत, कारण त्यांच्या लेखी तुम्ही कोणीच नाही. आणि बंद पडलेला नंबर कायम पडून राहत नाही, ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कोणाला पण दिला जाऊ शकते. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, लाडकी बहीणची केवायसी असो का पीएम किसानची, सगळं त्या नंबरवर. हे मी तुम्हाला घाबरवायला नाही सांगून राहिलो, पण ५० रुपयांसाठी आज भांडण केलं आणि त्यानं रागात सिम बंद केलं तर नुकसान पन्नासाचं होणार नाही.

सरकारनं पण हे पाहून २०२३ मधे नियम कडक केले. जुनी बल्क, म्हणजे एकगठ्ठा सिम द्यायची, पद्धत बंद झाली, त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून संस्थेच्या नावावर सिम दिलं तरी ते प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाची केवायसी करावी लागते, आणि सिम विकणाऱ्या दुकानदाराची कंपनीकडं नोंदणी लागते. तुमची सिम त्याच्या आधीची आहेत. कधी पडताळणी निघाली तर तुम्ही त्या संस्थेत कामाला नाही हे समोर येईल, म्हणून आत्ताच बाहेर निघा.

बाहेर निघायचा क्रम महत्त्वाचा आहे ताई, तो चुकवू नका. आधी तुमच्या स्वतःच्या नावावर एक साधं प्रीपेड सिम घ्या, कंपनीच्या स्टोअरमधून, स्वतः जाऊन, आधारवर बोट लावून. ते चालू झालं का बँकेत जाऊन तिथला नंबर बदलून घ्या, मंग आधार केंद्रावर आधारचा, मंग गॅस. दोन नंबर काही दिवस सांभाळावे लागतील, साध्या दोन सिमच्या फोनमधे होऊन जाते. हे होईपर्यंत दुकानदाराशी गोडीनं राहा आणि मागेल ते भरा, एक-दोन महिने जास्तीचे गेले तरी चालतील, फक्त रोख देऊ नका, यूपीआयनं द्या न त्यात लिहा 'चार सिमचे अमुक महिन्याचे'. तेवढा पुरावा पुढं कामी येते.

त्यानंतर जुना नंबर पण नावावर करून घ्यायचा प्रयत्न करा, कारण नातेवाईक, बचत गट, शाळा सगळ्यांकडं तोच आहे. त्यासाठी संस्थेच्या लेटरहेडवर अधिकृत माणसाच्या सही-शिक्क्याचं पत्र लागते, की हा नंबर ह्या व्यक्तीच्या नावावर करायला आमची हरकत नाही. बिल बाकी नसलं पाहिजे. ते पत्र न तुमचं आधार घेऊन कंपनीच्या स्टोअरमधे जायचं. कॉर्पोरेट नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचा म्हटला तरी असंच पत्र लागते, नुसता १९०० वर मेसेज टाकून भागत नाही. म्हणून मी म्हणतो आधी नावावर करा, पोर्टचं नंतर पाहू. नावावर झाल्यावर हवं तर इंग्रजीत 'PORT' न पुढं नंबर लिहून १९०० ला मेसेज करा, कोड येते, तो चार दिवस चालते.

दुकानदाराशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाही पण तुमची अडचण तीच आहे, मला समजते. नात्यातला माणूस, उद्या लग्नाकार्यात भेटायचा. त्याला चोर म्हणून सुरुवातच करू नका, काहून का तो चोर असेलच असं नाही, त्याच्या वरचा एजंट पण त्याला हेच सांगून राहिला असेल. दुकानात गर्दी असताना बोलू नका. तुम्ही दोघं नवरा-बायको दुपारी निवांत जा आणि म्हणा, "भाऊ, तुम्ही दिलं म्हणून आम्ही डोळे झाकून घेतलं. आता पोरीच्या शाळेचं, बँकेचं सगळं ह्या नंबरवर आहे. आम्हाला नंबर नावावर करून पाहिजे, संस्थेचं पत्र मिळवून द्या. आणि मागच्या महिन्याचं कंपनीचं बिल एकदा दाखवा, आमच्या चार नंबरचं भाडं किती लागलं ते पाहतो." बिलात प्रत्येक नंबरसमोर भाडं वेगळं असते, बाकीच्यांचे नंबर झाकून दाखवा म्हणा. तुमच्या नंबरसमोरच्या भाड्यात १८ टक्के टॅक्स मिळवा, ते आणि तुम्ही काय देता ह्यातला फरक म्हणजे मधल्या लोकांचा नफा. नफा घेणं गुन्हा नाही, त्यानंही दुकान मांडलं आहे, भाडं भरते. पण स्वतःचा नफा वाढवून कंपनीचं नाव सांगणं ही फसवणूक आहे.

बिल दाखवलं नाही न पत्र पण दिलं नाही तर मंग नातं बाजूला ठेवा, कारण तेव्हा त्यानंच ते बाजूला ठेवलं असेल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येते, तिथं तक्रार नोंदवा. तरी नाही झालं तर यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. फक्त घटना झाल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. इथं तुमची तक्रार दुकानदारावर राहील, कारण पैसे त्यानं घेतले. कंपनीच्या १९८ नंबरवर तक्रार तेव्हाच चालेल जेव्हा कनेक्शन तुमच्या नावावर असेल, आणि ट्राय एकेकट्या माणसाची तक्रार सोडवत नाही, तिकडं अर्ज पाठवून वाट पाहू नका.

एक गोष्ट राहिली, ती आधारची झेरॉक्स. सिम संस्थेच्या नावावर होतं तर तुमच्या आधारचं काय केलं? काही केलं नसेलही, पण पाहून घ्या. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावरचा नवीन नंबर टाकला का ओटीपी येते आणि तुमच्या नावावर किती कनेक्शन आहेत ते दिसते. ओळखीचं नसलेलं एखादं दिसलं तर तिथंच 'माझा नंबर नाही' म्हणून कळवता येते. घरातल्या चौघांचंही पाहा. २०२४ च्या जानेवारीपासून कागदी केवायसी बंद झाली आहे, आता सिमसाठी कोणी झेरॉक्स मागितली तर द्यायची गरज नाही.

सासरेबुवांचं सोपं आहे. प्रीपेडची जी किंमत असते तेवढीच द्यायची, टॅक्स त्यात आला, आणि दुकानदाराला त्याचं कमिशन कंपनी देते. वरचे १० रुपये प्लॅनचा भाग नाहीत. तुमच्या फोनवरून कंपनीच्या ॲपनं त्यांचा रिचार्ज मारा, दुसऱ्या पेमेंट ॲपवरून मारला तर वरून थोडी फी लागू शकते तेवढं पाहा. त्याहून मोठी बचत अशी का त्यांना नेट लागतच नसेल तर नेटवाला पॅक मारू नका. २०२४ च्या डिसेंबरमधे ट्रायनं कंपन्यांना फक्त कॉल न एसएमएसचे पॅक काढायला लावले, अशाच साध्या फोनवाल्यांसाठी. २०२५ च्या जानेवारीत जिओनं ८४ दिवसांचा ४४८ ला काढला, एअरटेलनं ४६९ ला. दुकानात हे पॅक कोणी स्वतःहून सांगत नाही, नाव घेऊन मागावे लागतात किंवा ॲपमधे शोधावे लागतात, भाव बदलला असेल तर तिथं दिसेल.

पत्र मिळालं का स्टोअरमधे जायच्या आधी मला त्याचा फोटो पाठवा, मजकुरात नंबर न नाव बरोबर आहे का ते पाहून देतो, आणि दुकानदारानं नाही म्हटलं तर यूपीआयच्या पावत्या पाठवा, १९१५ च्या तक्रारीत काय लिहायचं ते मराठीत लिहून देतो.